न घातलेली पिवळी जर्सी

१२ जुलै १९७१. फ्रान्सच्या पिरेनीज पर्वतात टूर द फ्रान्सची सायकल शर्यत ऐन रंगात आली होती. एकूण वेळेत सर्वांच्या पुढे असणाऱ्याला मिळणारी पिवळी जर्सी स्पेनच्या लुईस ओकान्याच्या अंगावर होती आणि बेल्जियमचा एडी मर्क्स ती मिळवायला जिवाचं रान करत होता. कोल द मांते घाटाच्या उतारावर अचानक वादळ झालं. गारा पडल्या, रस्त्यावरून पाण्याचे लोंढे वाहू लागले. एका वळणावर मर्क्स घसरला, पाठोपाठ ओकान्याही पडला. मर्क्स उठून पुढे निघाला. ओकान्या सावरतो न सावरतो तोच मागून आलेला स्पर्धक त्याच्यावर आदळला. त्याला हेलिकॉप्टरने रुग्णालयात न्यावं लागलं. पिवळी जर्सी आपसूक मर्क्सकडे आली. दुसऱ्या दिवशी ती अंगात घालायला मर्क्सने नकार दिला.

जिंकण्याची ज्याला फारशी ओढ नाही, त्याने असा नकार दिला असता तर नवल नव्हतं. मर्क्सला मात्र ‘कॅनिबल’, म्हणजे नरभक्षक म्हटलं जाई. इतरांसाठी तो काहीच शिल्लक ठेवत नसे. पाच वेळा टूर द फ्रान्स, पाच वेळा इटलीतली जिरो शर्यत, तीन वेळा व्यावसायिकांचं जगज्जेतेपद आणि एकंदर ५२५ विजय. १९६९ च्या टूरमध्ये आठ मिनिटांहून अधिक आघाडी हाताशी असताना त्याने तूरमाले घाटाच्या माथ्याजवळ वेग वाढवला आणि मूरेंक्सपर्यंतचे जवळपास १४० किलोमीटर तो एकटाच पुढे राहिला. त्या दिवशी एवढे कष्ट घ्यायची काहीच गरज नव्हती. पण राखून खेळणं त्याच्या स्वभावातच नव्हतं.

अशा माणसाने ती जर्सी का नाकारली? त्याचं उत्तर त्याआधीच्या चार दिवसांत सापडतं. ८ जुलैला ओर्सिएर-मेर्लेतच्या चढावर ओकान्याने त्याला ८ मिनिटं ४२ सेकंदांनी मागे टाकलं होतं. मर्क्सने कारणं सांगितली नाहीत. विश्रांतीच्या दिवसानंतर मार्सेयच्या वाटेवर त्याने पहिल्या क्षणापासून हल्ला चढवला आणि दिवसभर झुंजून जेमतेम दोन मिनिटं परत मिळवली. एकेक सेकंद असा घाम गाळून कमवणाऱ्याला, समोरच्याच्या अपघातातून मिळालेली जर्सी आपली वाटणार तरी कशी? नियमाने ती त्याचीच होती. पण नियमाने मिळालेलं आणि आपण मिळवलेलं, यातलं अंतर त्याला ठाऊक होतं. पुढे पॅरिसपर्यंत झुंजून त्याने ती शर्यत जिंकली, तरी त्या एका दिवसाचा मान त्याने ओकान्याकडेच राहू दिला.

चार वर्षांनी पारडं फिरलं. १९७५ च्या टूरमध्ये प्वी द डोमच्या चढावर एका प्रेक्षकाने मर्क्सच्या पोटात ठोसा मारला. पुढे प्रा-लूच्या चढावर फ्रान्सच्या बर्नार तेवेनेने त्याला गाठलं, मागे टाकलं आणि पिवळी जर्सी घेतली. त्यानंतर पडून मर्क्सच्या गालाचं हाड मोडलं. घरी परतला असता तर कुणीही त्याला नावं ठेवली नसती. तो मात्र थांबला नाही. पातळ पदार्थांवर राहून त्याने पॅरिस गाठलं आणि २ मिनिटं ४७ सेकंदांनी दुसरा आला. त्याच्या या टिकून राहण्यामुळेच तेवेनेचा विजय पूर्ण झाला. मर्क्स मधूनच निघून गेला असता, तर ‘तो असता तर?’ हा प्रश्न तेवेनेला जन्मभर छळत राहिला असता.

मर्क्सला देवपण देण्याचं कारण नाही. उत्तेजक चाचणीत दोषी ठरवून १९६९ मध्ये त्याला जिरोतून काढण्यात आलं. आपण निर्दोष असल्याचं तो सतत सांगत आला. पुढेही चाचणीचे निकाल त्याच्या विरुद्ध गेले. हे डाग त्याच्या विक्रमांसोबत नोंदलेले आहेत आणि ते तसेच नोंदलेले राहायला हवेत. तरीही त्याचा वारसा माझ्या लेखी या नोंदींपलीकडचा आहे. १९७४ मध्ये त्याने जिरो, टूर आणि जगज्जेतेपद एकाच वर्षात जिंकलं होतं. २०२४ मध्ये स्लोव्हेनियाच्या तादेय पोगाचारने हेच करून दाखवलं, तेव्हा ७९ वर्षांच्या मर्क्सने तो आता आपल्याही वर गेल्याचं मोकळेपणाने मान्य केलं. ज्याने आयुष्यभर काहीच सोडलं नाही, त्याने आपलं पहिलं स्थान असं सोडून दिलं.

आपल्याला शर्यती जिंकायच्या नसतील, पण श्रेय आणि पराभव रोज वाट्याला येतात. सहकाऱ्याच्या गैरहजेरीत आपली पाठ थोपटली जाते, बरोबरीचा आजारी पडतो आणि बढती आपल्याकडे येते. असं काही आज चालून आलं, तर ज्याच्या कष्टाचं ते आहे त्याचं नाव चारचौघांत घ्या. आणि कुणी आपल्याला खरोखरच मागे टाकलं असेल, तर मैदान सोडून जाऊ नका. शेवटपर्यंत थांबा आणि त्याचा विजय त्याला पुरता मिळू द्या.