माळ्यावरची रंगपेटी

शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा दिलेली माणसं महाराष्ट्रात घरोघरी सापडतात. दहावीनंतर रंगपेटी माळ्यावर जाते. पुढे नोकरी, ईएमआय, मुलं. चाळिशीत कधीतरी जलरंग नव्याने आणले जातात. पहिले दोन महिने झपाट्यात जातात. मग एके दिवशी कोरा कागद समोर असतो आणि काहीच काढावंसं वाटत नाही. ‘आता आतून येत नाही,’ असं आपण म्हणतो. तरीही ब्रश हातात घेतला, तर ते ढोंग ठरेल का?

आधी नेमकं काय गेलं, ते पाहू. रवींद्रनाथ टागोर साठी ओलांडल्यावर चित्रांमध्ये रमले. हस्तलिखितांतल्या खाडाखोडीतून आकार निघत गेले आणि १९३० साली पॅरिसमध्ये त्यांच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं. पण ती सुरुवात होती. परतणाऱ्याचं तसं नसतं. मधल्या वर्षांत त्याने शेकडो उत्तम चित्रं पाहिलेली असतात, निदान इन्स्टाग्रामवर. डोळा मोठा झालेला असतो, हात दहावीतच थांबलेला. हातातून उतरलेलं डोळ्याला पटत नाही. प्रेरणा आटली असं आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा या दोघांचं भांडण चालू असतं.

कधी कधी मात्र गोडी खरंच जाते. चार्ल्स डार्विनने आत्मचरित्रात लिहिलंय की, तिशीपर्यंत त्याला कवितेत फार आनंद मिळायचा. पुढे एक ओळही सोसवेना. पुन्हा जगायला मिळालं तर आठवड्यातून एकदा तरी कविता वाचायचा आणि संगीत ऐकायचा नियम करीन, असंही तो म्हणतो. ही गोडी जाणं म्हणजे सुख जाणं, आणि त्याने माणसाच्या नैतिक घडणीलाही बहुधा इजा होते, असं त्याला वाटत होतं. त्याचा उपाय लक्षात घ्या. तो प्रेरणेची वाट पाहत नाही, नियम करतो.

आणखी एक शक्यता आहे, जरा बोचरी. आपल्याला चित्र नकोच असतं, पुन्हा चौदा वर्षांचं व्हायचं असतं. ते कुठलीच रंगपेटी देऊ शकत नाही. तसं असेल तर पेटी खुशाल कुणाला देऊन टाकावी. छंदाचं आपण काही देणं लागत नाही.

हे ओळखायचं कसं? पारंपरिक जलरंगात पांढरा रंग टाळतात. उजेड म्हणजे मोकळा सोडलेला कागद. त्यामुळे उजेड कुठे आहे, हे रंग लावण्याआधीच पाहावं लागतं. चित्र फसलं, तरी दुसऱ्या दिवशी दोरीवरच्या ओल्या चादरीवर उजेड कुठे पडलाय हे आपसूक दिसतं का? दिसत असेल, तर छंद जिवंत आहे.

ढोंगाला प्रेक्षक लागतो. कुणालाही न दाखवता काढलेलं सुमार चित्र ढोंग कसं ठरेल? नोकरीत चुकलं तर कुणाचं तरी नुकसान होतं. इथे फार तर एक कागद जातो. मोठ्या माणसाला बिनधास्त वाईट काम करता येईल अशा जागा फार थोड्या उरतात. प्रेरणा रुसली म्हणून तीही सोडून देणं हा तोट्याचा सौदा आहे.