फक्कीच्या रेषा

कोल्हापूरच्या जुन्या वस्तीत तालीम शोधायला पाटी वाचावी लागत नाही. पहाटेच्या अंधारात आतून जोर-बैठकांचे हुंकार ऐकू येतात. तेल, ताक, हळद आणि लिंबू मुरलेल्या तांबड्या मातीचा वास पार गल्लीच्या तोंडाशी येऊन उभा असतो. जुन्या तालमींची दारे पुष्कळदा ठेंगणी असतात. सावकाराचा मुलगा असो की हमालाचा, वाकल्यावाचून आत शिरता येत नाही. आत गेल्यावर अंगावर उरतो तो लंगोट, आणि लंगोटाला खिसा नसतो!

तालीम म्हणा, व्यायामशाळा म्हणा, की माझ्यासारख्या मास्तरने शाळेच्या मैदानावर जमवलेला धावणाऱ्या पोरांचा मेळा म्हणा; असे मंडळ चांगले केव्हा म्हणावे? ते ढाली जिंकते तेव्हा, की येईल त्याला जवळ करते तेव्हा? ‘दोन्ही हवे’ असे म्हणून मोकळे होता येते. मीही वर्षानुवर्षे तसाच मोकळा होत आलो. पण एक दिवस असा येतो, की दोहोंपैकी एकच निवडावे लागते. आणि आपण काय निवडले, ते मग जन्मभर आपल्याला ठाऊक असते.

वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या मेळ्यात बारा वर्षांचा एक मुलगा होता. पहाटे सर्वांच्या आधी तो येई आणि कोणी न सांगता फक्कीने मैदान आखून ठेवी. मग इतरांबरोबर धावे आणि शेवटचा येई. रोज शेवटचा! त्याचे त्याला काही वाटत नसे. धाप लागलेली असतानाच मला विचारी, “सर, किती मिनिटं?” मी घड्याळाकडे पाहून काहीतरी सांगे. वहीत मात्र पहिल्या सहाजणांच्याच वेळा लिहीत असे, कारण स्पर्धेच्या संघात सहाच मुले असत.

त्या वर्षी संघातला एकजण तापाने आजारी पडला. जागा रिकामी झाली. मुलगा माझ्यासमोर येऊन उभा राहिला. बोलला काही नाही. मी आदल्याच आठवड्यात मेळ्यात आलेल्या एका चपळ पोराला घेतले आणि याला म्हणालो, “तू उद्या सगळ्यांचे कपडे सांभाळ.” त्याने ते दिवसभर नीट सांभाळले. ढाल आम्ही जिंकली. दुसऱ्या दिवशी पहाटे मैदानावर गेलो, तर रेषा आखलेल्या नव्हत्या.

तो पुन्हा आला नाही. त्याचे घर मला माहीत होते. मी गेलो नाही.

आता माझ्या बाजूनेही बोलले पाहिजे. स्पर्धा म्हटली की निवड आलीच. शेवटच्याला पहिला म्हणणे हा खोटेपणा आहे आणि मुलांना तो सर्वांच्या आधी कळतो. मग माझे चुकले काय? बरेच दिवस मी स्वतःची समजूत निरनिराळ्या तऱ्हांनी घालून पाहिली.

पहिली समजूत अशी, की कोण पुढे काय होईल ते सांगता येत नाही, म्हणून कोणाला मागे सारू नये. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांना कॉलेजात त्यांची किरकोळ अंगकाठी पाहून आधी बाजूला ठेवले होते, असे सांगतात. त्याच खाशाबांनी १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांच्या प्रवासासाठी लोकांनी वर्गणी दिली. प्राचार्य खर्डेकरांनी तर घर गहाण टाकले, असे म्हणतात. गोष्ट मोठी आहे. पण माझ्या प्रश्नाला ती लागू पडत नाही. माझा मुलगा खाशाबा होणार नव्हता, हे त्यालाही कळत होते. उद्याच्या पदकाच्या आशेने आज दार उघडणे ही माया नव्हे. तो सौदा झाला.

दुसरी समजूत तालमीने दिली. कुस्ती एकट्याने होत नाही, जोड लागते. रोज पडणारा उद्या आला नाही, तर पाडणाऱ्याने डाव घोटायचा कोणावर? वस्ताद हे ओळखून असतो. म्हणून तो थोराला धाकट्याशी खेळवतो, आणि हौदा खणायला दोघांच्याही हाती खोरे देतो. युक्तिवाद चांगला आहे, पण तोही अपुराच. धावणाऱ्याला जोड लागत नाही. माझ्या मुलाच्या मागे राहण्याने पुढचा काही वेगाने पळत नव्हता. आणि ज्याचा उपयोग नाही त्याला जागा नाही, असे ठरले तर आपल्या घरातली म्हातारी माणसे कुठे जातील?

तालमीचे ते ठेंगणे दार तरी सर्वांचे कुठे होते? पिढ्यान्‌पिढ्या मुलींना ते बंदच होते. दुष्काळी माण तालुक्यातल्या मोही गावच्या ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावल्या. बंद दारांमागे अशा किती पावलांची धाव राहून गेली असेल!

तेव्हा उत्तर उपयोगात नाही. मला वाटते, ते मोजण्यात आहे. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली निघाले आणि १९३६ साली त्याच्या पथकाने बर्लिनला आपले देशी खेळ दाखवले. बर्लिनचे नाव सर्वांना आठवते. मधल्या बावीस वर्षांच्या पहाटा आठवत नाहीत. पण मंडळ उभे राहते ते त्या पहाटांवर. न येणाऱ्याला “काल का आला नाहीस?” असे विचारणारा जिथे कोणी आहे, तिथे माणसे टिकतात, आणि माणसे टिकली की ढाली कधीमधी येतात. न आल्या तरी मंडळ राहते.

त्या मुलाला मी संघात घेतले नाही, हा माझा अपराध नव्हे. त्याची वेळ मी वहीत कधी लिहिली नाही, आणि तो आला नाही तेव्हा विचारायला गेलो नाही, हा अपराध. त्याला खोटी शाबासकी नको होती. आपलेही मिनिट मिनिटच आहे, एवढेच त्याला हवे होते.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत एक गृहस्थ सकाळी मैदानावर आले. बरोबर आठ वर्षांची मुलगी. मी त्यांना चालीवरूनच ओळखले.

“सर, हिला पळायला फार आवडतं,” ते म्हणाले. मग थोडे थांबून, मुलीला ऐकू जाणार नाही अशा बेताने, “पण ही जोरात पळत नाही. चालेल ना?”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते.

“चालेल,” मी म्हणालो. आणखी पुष्कळ बोलायचे होते, ते घशातच राहिले.

मुलगी पोरांबरोबर धावली आणि शेवटची आली. धापा टाकीत माझ्याजवळ येऊन तिने विचारले, “किती मिनिटं?”

मी घड्याळ पाहिले, वही उघडली, आणि सर्वांच्या खाली तिचे नाव घालून पुढे मिनिटे आणि सेकंद लिहिले. तिचे वडील तेव्हा मैदानाच्या कडेला वाकून उभे होते. पावलांनी पुसट झालेली फक्कीची रेषा ते पाहत होते.