कुंकवाचे बोट लागण्याआधी

नेवाशात प्रवरेच्या काठी, पैसाच्या खांबापाशी ज्ञानेश्वरांनी गीता मराठीत सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती उतरवून घेतली. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०. दुसऱ्या अध्यायातला बाविसावा श्लोक आला असेल तेव्हा समोरच्यांना तो उमगायला वेळ लागला नसेल. जुनी वस्त्रे टाकून माणूस नवी नेसतो, तसा आत्मा एक देह सोडून दुसरा घेतो. ऐकणारी माणसे कापड विरेपर्यंत वापरणारी होती. विरलेल्या लुगड्याची वाकळ व्हायची, वाकळ फाटली की तिचे पोतेरे. वस्त्र टाकायचे ते त्याच्याकडून घेण्यासारखे काही उरले नाही म्हणून. मरणाचे भय घालवणाऱ्या त्या दृष्टान्ताचे बळ या रोजच्या अनुभवात होते.

आज त्याच नेवाशात कापड दुकानांत साड्या उलगडल्या जातात आणि त्याच वेळी कुरिअरवाल्याच्या मोटारसायकलवरून मीशो, मिंत्राची पाकिटे घरोघरी पोहोचतात. पाकिटातली कुर्ती घालून पाहायची, पसंत नसेल तर परत. पसंत पडली तरी पुढच्या सेलला दुसरी येते आणि पहिली विरायच्या आधीच कपाटाच्या तळाशी जाते. कापड विरताना कधी न पाहिलेल्या पिढीला देहाचे जीर्ण होणे कपड्याच्या उदाहरणाने कसे कळावे? दुकानातून घेतलेला शर्टही हल्ली लवकर टाकला जातो, हे खरे. पण परत देण्याची सोय मनात धरूनच घेतलेली वस्तू आपली होते केव्हा, हा प्रश्न फोनवरच्या खरेदीने नव्याने उभा केला आहे. तो धर्माचाही प्रश्न आहे.

त्याआधी एक साधा प्रश्न: कापड चांगले आहे हे कळते कशाने? न्यायदर्शन चार प्रमाणे मानते: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. दुकानात पोत चिमटीत धरणे, साडी दाराशी उजेडात नेऊन रंग पाहणे, वीण ताणून बघणे हे प्रत्यक्ष. फोनवर फोटोवरून अनुमान करायचे आणि बाकी सगळी भिस्त शब्दावर, म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्यावर. हा शब्द प्रमाण ठरतो तो आप्ताचा असेल तर. ज्याला वस्तू स्वतः ठाऊक आहे आणि जशी ठाऊक आहे तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. न्यायसूत्रांवर भाष्य करणाऱ्या वात्स्यायनाने ही कसोटी ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखीच लावली. त्या कसोटीवर, ‘रंग फोटोपेक्षा फिका आहे, पहिल्या धुण्यात कापड आटले’ असे स्वतः काढलेल्या फोटोसह लिहिणारी कुठल्याशा गावची अनोळखी बाई खरी आप्त ठरते. ‘रंग जाणार नाही, गॅरंटी माझी’ म्हणणारा दुकानदार वस्तू जाणतो, पण त्याला ती विकायचीही असते. अर्थात पैसे घेऊन पाच तारे देणारेही आहेतच. म्हणून भारतीय मानक ब्युरोला नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९०००:२०२२ हे मानक काढावे लागले. दीड हजार वर्षांपूर्वी तर्कशास्त्र्यांनी ज्यावर डोके शिणवले, तो विश्वासाचा प्रश्न आता कुर्तीच्या खरेदीत येऊन बसला आहे.

प्रत्यक्षावर तरी किती विसंबावे? नेवाशाचे दैवत मोहिनीराज. देवांना अमृत वाटण्यासाठी विष्णूने मोहिनीचे रूप घेतले ते इथे, अशी स्थानिक श्रद्धा आहे. पंगतीत वेष पालटून बसलेल्या राहूचे शिर राहुरीला पडले आणि धड कायगावला, असेही या भागात सांगतात. मोहिनीकडे पाहता पाहता असुर फसले आणि राहूच्या वेषाला देव फसले. दुकानातले पांढरे दिवे आणि ट्रायल रूममधला आरसाही फसवू शकतात, हे घरी आल्यावर साडी उन्हात धरून अनेकींनी पाहिले आहे.

आणि ज्यांना स्पर्शच नाकारला गेला त्यांचे काय? हात लावून पाहण्याचे गुणगान करताना हे विसरणे अन्यायाचे होईल. दलितांना अनेक गावांत दुकानाची पायरी चढता येत नसे. माल लांबून टाकला जाई, पैसेही लांबूनच ठेवावे लागत. कापड चिमटीत धरून पारखायचे कुठून? डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना लुगडे कसे नेसावे हे मुद्दाम सांगितले, जातीची खूण अंगावर वागवू नका म्हणाले आणि बायकांनी नेसण्याची पद्धत बदलली. जिथे वस्त्रावरून माणसाची पायरी ठरत होती, तिथे तोंड न पाहता सगळ्यांपुढे तोच माल मांडणारा फोन ही लहान गोष्ट नाही. अंगाने भरलेल्या मुलीला ‘तुमच्या मापाचे नाही’ हे चार माणसांत ऐकावे लागत नाही, हाही मोठा दिलासा आहे.

तरीही लग्नाचा बस्ता सहसा फोनवर बांधला जात नाही. त्यासाठी माणसे गाडी भरून नगरला, श्रीरामपूरला, छत्रपती संभाजीनगरला जातात. दोन्हीकडची वडीलधारी मंडळी गादीवर बसतात. आधी देवाचे वस्त्र निघते, मग नवरा-नवरीचे, मग मानपानाचे: आत्या, मामी, विहीणबाई, करवली. कोणाची साडी कोणापेक्षा हलकी यावरून रुसवे होतात. ‘मामींना हिरवी नको, त्यांच्याकडे तीन आहेत,’ असे कोणीतरी आठवणीने सांगते. दुसऱ्याच्या अंगाचा, आवडीचा आणि मानाचा एवढा विचार एका बैठकीत होतो. शेवटी बस्त्याला हळदकुंकू लागते.

ते कुंकवाचे बोट महत्त्वाचे आहे. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत नव्या कपड्याच्या कोपऱ्याला कुंकू लावून, तो देवापुढे ठेवून मगच त्याची घडी मोडतात. ऑनलाइन घेतलेला कपडा परत द्यायचा तर तो न वापरलेला, न डागाळलेला, टॅगसकट हवा. कुंकवाचे बोट लागले की ती वाट बंद. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी सदोष किंवा जाहिरातीपेक्षा वेगळा निघालेला माल परत घेण्याचे बंधन विक्रेत्यावर घातले आहे आणि न पाहता घेणाऱ्याला हे संरक्षण हवेच. मात्र निव्वळ मन फिरले म्हणून परत करणे ही वेगळी गोष्ट. धर्मशास्त्रात दान म्हणजे देणाऱ्याने आपले स्वामित्व सोडणे, आणि रीतसर दिलेले परत घेणे दोषाचे मानले आहे. कपड्याला कुंकू लावणारा माणूसही तसेच काही करतो. हा कपडा जसा आहे तसा आपला, असे म्हणून तो स्वतःला निवडीशी बांधून घेतो. प्रत्येक निवड उलटवता येऊ लागली की पत्करण्याची सवय मोडते. माणूस असो, व्रत असो की नाते, पत्करायला शिकवणे हेच तर संस्कारांचे काम.

दिलेले परत न घेण्याची ही माया या मातीत फार जुनी आहे. १९५४ ते १९५६ या काळात ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेवाशाला उत्खनन केले. ताम्रपाषाणयुगातल्या, तीन हजार वर्षांहून जुन्या एका बालदफनात तांब्याच्या मण्यांची माळ निघाली. तिच्या दोऱ्यात कापसाचे आणि रेशमाचे तंतू आढळले. कोणीतरी ती लेकराच्या गळ्यात घातली होती, पुन्हा काढून न घेण्यासाठी.

हल्ली बस्त्याची यादी दोन भागांत होऊ लागली आहे. हळदीसाठी भावंडांचे एकसारखे पिवळे कुर्ते फोनवरून येतात, सगळ्यांची मापे व्हॉट्सॲपवर गोळा करून. मानाच्या साड्या मात्र दुकानातच बसून निघतात. कोणत्याही ग्रंथाला न विचारता लोकांनी केलेली ही वाटणी शहाणपणाची आहे. उद्या एखाद्या घरात मानाची साडीही पार्सलने येईल. ती उघडून, उजेडात नीट पाहून, सदोष असेल तर जरूर परत करावी. चांगली असेल तर त्याच दिवशी टॅग कापावा, कोपऱ्याला कुंकू लावावे आणि परतीची मुदत सरायची वाट न पाहता ती मामींच्या हाती द्यावी.