आप्तवचन आणि ग्राफिक्स कार्ड

स्वस्तातला डेस्कटॉप गेमिंगला पुरा पडत नाही, ही तक्रार तत्त्वज्ञानाच्या दारात नेण्याइतकी मोठी वाटत नाही. पण तिला उत्तर काय मिळते ते बघा. अपेक्षा ठेवली म्हणून दुःख झाले. हाव कमी करावी, आहे त्यात समाधान मानावे. तक्रार यंत्राची आणि उत्तर मोक्षशास्त्राचे. बुद्धाने दुःखाचे मूळ तृष्णेत दाखवले, गीतेने फळावरचा हक्क सोडायला सांगितला, रोमन साम्राज्यात एपिक्टेटसने आपल्या हातातले काय आणि हाताबाहेरचे काय याची वाटणी करून दिली. एवढे थोर विचार, आणि ते ऐकवायचे कोणाला, तर ‘गेमिंग पीसी’ म्हणून घेतलेल्या यंत्रावर गेम अडखळतो म्हणून हिरमुसलेल्या पोराला. माझे म्हणणे असे की इथे दोन वेगळ्या निराशांची गल्लत होते. एक निराशा आपल्या इच्छेतून येते, दुसरी कोणीतरी दिलेल्या शब्दावर विसंबल्यामुळे येते. पहिलीवर समाधानाचा उपदेश योग्य असेल. दुसरी हे ज्ञान आहे, आणि ज्ञान झालेल्या माणसाला ते विसरायला सांगणे हा काही अध्यात्माचा भाग नव्हे.

आधी यंत्राचे पाहू. खेळ सुरळीत दिसायचा तर पडद्यावर सेकंदाला ६० चित्रे, म्हणजे फ्रेम, उमटावी लागतात. म्हणजे एका चित्राला जेमतेम १६.७ मिलिसेकंद. फुल एचडी पडद्यावरच्या एका चित्रात २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात, आणि त्यांचा हिशेब करणाऱ्या भागाला सतत मेमरीतून माहिती ओढावी लागते. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसलेल्या स्वस्त संगणकात हे काम प्रोसेसरमधलेच ग्राफिक्स करते. त्याला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममध्येच वाटा मागते. डीडीआर४ ३२०० रॅमची एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी माहिती पुरवू शकते. दोन पट्ट्या जोडीने बसवल्या तर ५१.२. किंमत आवरण्यासाठी पुष्कळदा ८ जीबीची एकच पट्टी बसवतात. जाहिरातीत ‘८ जीबी रॅम’ असते आणि ते खरेच असते. चार-चारच्या दोन पट्ट्या असत्या तरी तेवढेच छापले असते, पण ग्राफिक्सला मिळणारा पुरवठा दुप्पट झाला असता. जो आकडा खेळाचा वेग ठरवतो तो छापला जात नाही. जो छापला जातो तो वेगाबद्दल फारसे सांगत नाही.

स्वतंत्र कार्ड घेतले म्हणजे सुटका, असेही नाही. एनव्हिडियाचे जीटी १०३० हे कार्ड २०१७ मध्ये आले तेव्हा त्यावर जीडीडीआर५ मेमरी होती आणि तिचा वेग सेकंदाला ४८ जीबी होता. २०१८ मध्ये त्याच नावाने डीडीआर४ मेमरीचे कार्ड बाजारात आले; त्याचा वेग १६.८ जीबी. नाव तेच, ‘२ जीबी’ हा आकडाही तोच, आणि पुरवठा तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. एएमडीचे उदाहरण वेगळ्या तऱ्हेचे आहे. २०२० मध्ये या कंपनीनेच लिहून सांगितले होते की आजच्या खेळांना ४ जीबी ग्राफिक्स मेमरी अपुरी पडते. जानेवारी २०२२ मध्ये तिने १९९ डॉलरला आणलेल्या आरएक्स ६५०० एक्सटी कार्डावर ४ जीबीच मेमरी होती. शिवाय ते मदरबोर्डाशी फक्त चार लेननी, म्हणजे माहितीची ने-आण करणाऱ्या चारच वाटांनी, जोडले जाई. नव्या, पीसीआयई ४ ही वेगवान जोडणी असलेल्या बोर्डावर त्याचे फार बिघडत नसे. जुन्या, पीसीआयई ३ असलेल्या बोर्डावर वेग लक्षणीय पडे. आणि जुना बोर्ड कोणाकडे असणार? स्वस्त कार्ड शोधणाऱ्याकडेच.

आता न्यायदर्शनाकडे वळतो. ज्ञान खरे की खोटे हे कसे ठरवावे, यावर न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन याचे उत्तर कमालीचे व्यवहारी आहे: त्या ज्ञानाच्या भरवशावर केलेली कृती फळाला आली तर ज्ञान खरे. लांबून पाणी दिसले, जवळ गेल्यावर तहान भागली नाही, तर ते मृगजळ. बौद्ध नैयायिक धर्मकीर्ती याच्याशी अनेक बाबतीत भांडतो, पण इथे तोही जवळपास याच वाटेवर येतो. जे आपले काम करून दाखवते ते खरे, आणि जे ज्ञान फसवत नाही ते प्रमाण. या कसोटीने बघितले तर खेळ अडखळला त्या क्षणी गिऱ्हाइकाला जे वाटते ती केवळ मनाची कळ नाही. ‘हे यंत्र खेळांसाठी आहे’ या वाक्याची परीक्षा झाली आणि वाक्य नापास झाले, असा तो निकाल आहे. मृगजळापाशी पोचलेल्या माणसाला कोणी म्हणत नाही की तहान लागली हीच तुझी चूक.

शब्द हे प्रमाण मानणाऱ्या नैयायिकांनी शब्द कोणाचा मानावा हेही सांगून ठेवले आहे: आप्ताचा. आप्त म्हणजे ज्याला वस्तू प्रत्यक्ष ठाऊक आहे आणि जशी ठाऊक आहे तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे. वात्स्यायन पुढे म्हणतो की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू आहे. म्हणजे आप्तपण जन्माने किंवा पावित्र्याने येत नाही, जाणकारी आणि प्रामाणिकपणा यांच्या जोडीने येते. मग कार्ड बनवणारी कंपनीही त्याच मापाने मोजायला काय हरकत आहे? पहिल्या अटीत ती उत्तम गुणांनी उत्तीर्ण होते. त्या चिपबद्दल तिच्याइतके जगात कोणालाच माहीत नसते. प्रश्न दुसऱ्या अटीचा उरतो.

यावर पहिला आक्षेप किमतीचा. गूळ घालावा तेवढे गोड. थोड्या पैशांत थोडेच मिळणार. कबूल. कोणी ऑफिसच्या कामासाठी म्हणून विकलेले यंत्र घेतले आणि त्यावर नवा, जड गेम चालेना म्हणून कपाळाला हात लावला, तर ती इच्छेतून आलेली निराशा आहे, आणि तिथे मी उपदेशकांच्या बाजूने उभा राहीन. पण गूळ किती घातला हे सांगणाऱ्याने खरे सांगितले पाहिजे, एवढी अट त्या म्हणीतही गृहीत आहे. कमी किमतीने वस्तूचा दर्जा कमी होतो, सत्याचा होत नाही. नाव हा शब्दच असतो हे कंपन्यांना कळत नाही असेही नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये एनव्हिडियाने आरटीएक्स ४०८० हे एकच नाव दोन वेगळ्या चिपच्या कार्डांना दिले, ओरड झाली, आणि १२ जीबीचे कार्ड बाजारात येण्याआधीच मागे घेऊन पुढे दुसऱ्या नावाने विकले. ते महागातले गिऱ्हाईक होते. जीटी १०३० घेणाऱ्यांसाठी असे काही झाले नाही.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: डीडीआर४ हे खोक्यावर छापलेले होते, वाचले नाही हा दोष कोणाचा? इथे द्रोणपर्व आठवते. अश्वत्थामा मेला, असे धर्मराजाने मोठ्याने सांगितले आणि हत्ती हा शब्द पुटपुटला. तपशील दिलेला होता. तरी जमिनीपासून चार बोटे वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला असे महाभारत सांगते. द्रोणाने कान देऊन ऐकायला हवे होते, असा ठपका मात्र व्यासांनी ठेवलेला नाही. ऐकणारा कशावर विसंबणार हे माहीत असूनच बोलणारा बोलत असेल, तर अक्षरशः खरे वाक्यही सत्य ठरत नाही. ‘सरासरी ६० फ्रेम’ हा दावा याच जातीचा. सरासरी साठ येते, आणि ऐन चकमकीत वेग वीसवर कोसळून पडदा गोठतो. खेळणाऱ्याच्या वाट्याला सरासरी कधी येतच नाही.

राहता राहिला समाधानाचा मुद्दा. गीतेचा उपदेश कर्म करणाऱ्याने स्वतःच्या कर्माकडे कसे पाहावे याबद्दल आहे. दुसऱ्याने दिलेला शब्द त्याने मोडला तरी चालेल, असा परवाना त्यातून निघत नाही. आणि मराठी माणूस समाधान शिकला तो तुकोबांकडून, तर तुकोबा स्वतः दुकानदार होते हे लक्षात घेण्यासारखे आहे. परंपरा सांगते की सावकारीच्या कागदांची भावाशी वाटणी करून त्यांनी आपल्या वाट्याचे कागद इंद्रायणीत सोडले. ज्याला येणे होते त्याने आधी आपला हक्क बुडवला, मग लोकांना समाधान सांगितले. बाजारात आज हा क्रम उलटा झाला आहे. घेणाऱ्याने संतोष शिकावा, देणाऱ्याने नफा.

खेळच तो, त्याचा एवढा बाऊ कशाला, असेही म्हणता येईल. पण खोटेपणाचे माप वस्तूच्या थोरवीवर अवलंबून नसते. कौटिल्याने अर्थशास्त्राच्या कंटकशोधन या भागात व्यापाऱ्यांचे नियम लिहिताना लाकूड, लोखंड, दोर, कातडे, मातीची भांडी अशा साध्या वस्तू घेतल्या आहेत, आणि हलका माल उंची म्हणून विकणाऱ्याला किमतीच्या आठपट दंड सांगितला आहे. आपल्याकडच्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही महत्त्वाची माहिती जाणूनबुजून लपवणे हे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत मोडते, आणि दंड दहा लाख रुपयांपर्यंत जाऊ शकतो. पेच असा की खोक्याच्या कडेला बारीक अक्षरांत ‘डीडीआर४’ छापले असेल, तर माहिती लपवली असे कायद्यापुढे सिद्ध करणे अवघड. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या संगणक-बाजारातला विक्रेता खोक्यावरचेच वाचून दाखवतो. त्याची इच्छा चांगली असली तरी आप्ताची पहिली अट, प्रत्यक्ष ज्ञान, त्याच्याकडे नसू शकते. ज्याला ठाऊक आहे तो काउंटरवर नाही आणि जो काउंटरवर आहे त्याला ठाऊक नाही, अशा बाजारात आप्त शोधायचा कुठे, याचे उत्तर सध्या तरी यंत्र लावून, खेळ चालवून, आकडे मोजून पाहणाऱ्या त्रयस्थ परीक्षकांपाशीच सापडते, आणि त्यांचे आकडे बहुतेकदा इंग्रजीत, बहुतेकदा महागड्या कार्डांचे असतात.