घुबडाला उत्तर

एप्रिलची पहाट. विस्कॉन्सिनच्या नैर्ऋत्येला ओकचं रान अंगावर घेतलेल्या टेकड्या आहेत, आणि झाडांचे बुंधे अजून एकमेकांपासून वेगळे दिसत नाहीत इतका अंधार आहे. एक साठीचा माणूस दोन्ही हात तोंडाशी धरून घुबडासारखा घुमतो. शेजारी बारा वर्षांची मुलगी झाडाला टेकून बसली आहे. क्षणभर काहीच होत नाही. मग पलीकडच्या उतारावरून, उंच फांदीवरून, कुणीतरी खवळून उत्तर देतं. गळ्यात गोट्या घेऊन खळखळावं तसा आवाज. हा रानटर्कीचा नर. वसंतात त्याला दुसऱ्या कुणाचाच आवाज खपत नाही. घुबड, कावळा, गाडीचं आपटलेलं दार, ढगांचा गडगडाट, सगळ्यांना तो उलटून बोलतो आणि आपला पत्ता सांगून बसतो.

बंदूक मुलीकडे आहे. माणसाकडे नाही. तो तिचा बाप नाही, आजोबा नाही, नात्यातला कुणीच नाही. अमेरिकेच्या अनेक राज्यांत मोठ्यांचा हंगाम सुरू होण्याआधी एखादा शनिवार-रविवार मुलांसाठी राखून ठेवतात. त्या दिवशी मोठ्यांनी सोबत बसायचं, शिकवायचं, स्वतः मारायचं नाही. या बिनपगारी गुरूला तिकडे मेंटॉर म्हणतात, आणि आपल्याकडेही तो शब्द आता ऑफिसांमधून रुळला आहे.

मी शिकारी नाही. आयुष्यात बंदूक हाती धरली ती जत्रेतले फुगे फोडायला, आणि तेही फुटले नाहीत. शाळांमधल्या गोळीबारांच्या बातम्या ज्या देशातून येतात, तिथे बारा वर्षांच्या पोरीच्या मांडीवर बंदूक आहे हे वाचून आपलं कपाळ आक्रसतं, तसं माझंही आक्रसलं. पण या पक्ष्याची गोष्ट वाचत गेलो तसा मला बंदुकीपेक्षा त्या शेजारी बसलेल्या परक्या माणसाचा विचार जास्त छळू लागला.

हा पक्षी जवळजवळ संपला होता. जंगलं तुटली, बाजारासाठी बेसुमार मारला गेला, पुढे चेस्टनटची झाडं रोगाने गेली आणि त्याच्या अन्नाचा एक मोठा आधार नाहीसा झाला. 1930च्या दशकात साऱ्या देशात मिळून 2 लाखांच्या आसपास उरले असावेत असा अंदाज सांगतात. विस्कॉन्सिनमध्ये तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच एकही राहिला नाही.

मग राज्यांनी सरळ हिशेब केला. पक्षी कमी झालेत ना, तर अंडी उबवा, पिल्लं वाढवा, रानात सोडा. टर्की माणसाच्या ताब्यात वाढतो हे तर जगजाहीर होतं. मेक्सिकोत माणसाळलेला हा पक्षी जहाजांतून इतका दूर गेला की 1612मध्ये जहांगीरचा सरदार मुकर्रब खान याने गोव्याहून आणलेल्या नवलाईच्या जनावरांत तोही होता, आणि दरबारी चित्रकार मन्सूरने त्याचं चित्र काढलं. तर अशा पक्ष्याची हजारो पिल्लं पिंजऱ्यांत वाढवून अमेरिकी राज्यांनी वर्षानुवर्षं रानात सोडली. जवळजवळ सगळी वाया गेली. कोल्ह्यांनी खाल्ली, रोगांनी गेली, काही तर शेतघरांच्या अंगणात दाणे टिपायला परत आली. रंगरूप हुबेहूब रानटर्कीचं होतं, वागणं नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात राहून रक्तातली भीती पातळ झालेली, आणि कुठे पळायचं, कुठे दबून बसायचं, संध्याकाळी कुठल्या झाडावर चढायचं हे दाखवायला रानातली आई नव्हती.

यातली गंमत फ्लोरिडातल्या जो हटो या निसर्गअभ्यासकाने पुढे उलट्या बाजूने दाखवली. त्याने रानटर्कीची अंडी उबवली, पिल्लं त्यालाच आई समजली, आणि तो महिनोन्‌महिने त्यांच्याबरोबर रानात हिंडला. सापाला कसं ओळखायचं हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, तरी येत होतं. म्हणजे पुष्कळसं ज्ञान अंड्यातूनच येतं. पण ते वापरायला रान पायाखाली लागतं, आणि रानात कुणीतरी दिवसभर सोबत लागतं. हटोने बाकी सगळं आयुष्य बाजूला ठेवून तो वेळ दिला. सरकारी पिंजऱ्याला तेवढा वेळ कुठून असणार?

शेवटी उपाय सापडला तो 1950च्या दशकात, आणि तसा अडाणी वाटावा असा. पाणपक्षी पकडायचं तोफजाळं होतं. मक्याचे दाणे टाकून टर्की जमले की बार उडवायचा आणि जाळं त्यांच्या डोक्यावरून फेकायचं. असे खरेखुरे रानटी पक्षी पकडून रिकाम्या रानांत नेऊन सोडायचे. राज्याराज्यांत चक्क देवघेव झाली. 1976मध्ये मिसुरीने विस्कॉन्सिनला टर्की दिले, विस्कॉन्सिनने बदल्यात ग्राउझ नावाचे रानपक्षी दिले. व्हर्नन काउंटीत सोडलेले ते मूठभर टर्की असे फोफावले की 1983मध्ये राज्याने शिकारीचा हंगाम उघडला. जाळी टाकण्यात आणि पेटारे वाहण्यात सरकारी माणसांबरोबर स्वयंसेवक असत, आणि त्यातले बहुतेक शिकारी. 1973मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल वाइल्ड टर्की फेडरेशनच्या मते तेव्हा देशात 13 लाख टर्की होते. पुढच्या तीसेक वर्षांत ते 70 लाखांच्या घरात गेले.

पैसा कुठून आला हे सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही, आणि इथेच ती जरा खटकायला लागते. 1937च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने लांब नळीच्या बंदुका आणि काडतुसांवरचा कर (आज 11 टक्के) वन्यजीवांच्या कामाला राज्यांना वाटायचा ठरवला. अट अशी की शिकार-परवान्यांची रक्कम राज्याने दुसरीकडे वळवायची नाही. खर्चाचे साधारण तीन हिस्से केंद्राचे, एक राज्याचा. हा चौथा हिस्सा रोकडाच असला पाहिजे असं नाही. शिकारीचे सुरक्षितता-वर्ग फुकट शिकवणाऱ्यांचे ताससुद्धा त्यात धरता येतात. निवृत्त मास्तराने शनिवारी पोरांना शिकवलेल्या चार तासांची किंमत डॉलरमध्ये मांडली जाते आणि त्यावर केंद्राचा पैसा येतो. श्रमदानाचा असा रोखठोक हिशेब मी दुसरीकडे पाहिला नाही.

म्हणजे मुलांना शिकवण्यामागे मायेबरोबर वहीखातंही आहे. शिकारी म्हातारे होत चालले, शेतं विकून माणसं शहरात गेली, बापाकडून पोराकडे जाणारी विद्या मध्येच तुटली. परवाने घटले तर निधी घटणार. म्हणून नवी पोरं हवीत. फेडरेशनचा मुलांसाठीचा उपक्रम 1981पासून ‘जेक्स’ नावाने चालतो. जेक म्हणजे टर्कीचा वर्षभराचा नर, मिसरूड फुटलेला म्हणा ना. वर आज त्या करातला मोठा वाटा शिकारीशी काडीचा संबंध नसलेल्या बंदुकांच्या विक्रीतून येतो. भीतीपोटी बंदूक घेणारा शहरी माणूस नकळत टर्कीच्या रानाला पैसे देतो. ही व्यवस्था पवित्र आहे असं कुणी सांगू लागलं तर मी ऐकून घेणार नाही.

पण हेतूत हिशेब मिसळला म्हणून शिकवणं खोटं ठरतं का? आपल्याकडे गुरुकुलात गुरूच्या घरी लाकडं फोडणाऱ्या शिष्याचं गणित काय होतं?

त्या पहाटे मुलगी जे शिकते त्यात नेम धरणं सगळ्यांत थोडं आहे. टर्कीला रंग दिसतात, तेव्हा अंगभर पानांच्या रंगाचे कपडे. त्यात लाल, पांढरा आणि निळा चुकूनही नको, कारण वसंतातल्या नराचं डोकं त्याच तीन रंगांचं असतं आणि दुसरा शिकारी फसू शकतो. (अमेरिकेच्या झेंड्याचे रंग घालून रानात जाऊ नका, हे अमेरिकेतच शिकवावं लागतं.) मादीचा आवाज कुठूनही आला तरी त्याच्या मागावर जायचं नाही, तो माणूस असू शकतो. आवाज काढायला देवदाराची पेटी असते, खडू लावलेलं झाकण तिच्या कडेवर घासायचं. 1897मध्ये आर्कान्सामधल्या हेन्री गिब्सनने तिचं पेटंट घेतलं. निसर्गात नर हाक देतो आणि मादी जाते. शिकारी मादी होऊन नराला बोलावतो, म्हणजे रीतच उलटी करायला सांगतो, आणि नर बहुधा पन्नास पावलांवर थांबून तूच ये म्हणत फुगून उभा राहतो. मग थांबणं. नाक खाजवायचं नाही. पाय बधिर झाला तरी हलायचं नाही. हातात फोन नसलेले दोन तास आजच्या बारा वर्षांच्या मुलाला दुसरं कोण देतं, मला सांगता येणार नाही.

आणि शेवटी, आला तर, गोळी. ते मी मऊ शब्दांत गुंडाळणार नाही. जिवंत, चमकणारा, पिसं फुलवलेला पक्षी मरतो, आणि ज्यांनी त्याला परत आणलं त्यांच्याच हाताने मरतो. माझ्याच्याने ते झालं नसतं.

हे लिहिताना मला आपले फासेपारधी आठवत राहतात. पाळीव तित्तिर पिंजऱ्यात ठेवून रानातल्या तित्तिराला बोलावण्याची, नुसत्या गळ्याने पाखराला फसवण्याची विद्या त्यांच्याकडे बापाकडून पोराकडे येत होती. इंग्रजांच्या 1871च्या कायद्यानंतर अशा जमातींवर जन्मजात गुन्हेगार हा शिक्का बसत गेला, आणि 1972च्या वन्यजीव कायद्याने त्यांची विद्याच गुन्हा ठरली. तो कायदा नसता तर आपलं बरंच काही उरलं नसतं, हे मान्य. पण अमेरिकेने शिकाऱ्याला परवाना, कर आणि पोरं शिकवायचा मान दिला, आपण त्याच जातीच्या ज्ञानाला कोर्टाची तारीख दिली. अकोला-वाशिमकडे काही फासेपारधी गवताळ माळ आणि तणमोर राखण्याच्या कामात उतरले आहेत. पाखरू कुठे बसतं हे ज्याला मारण्यासाठी माहीत होतं, त्यालाच ते राखण्यासाठी विचारायचं, हे आपल्याला सुचायला फार वर्षं गेली.

तिकडेही सगळं सुरळीत नाही. गेली काही वर्षं दक्षिणेकडच्या अनेक राज्यांत टर्की पुन्हा घटत आहेत. अंडी साधारण डझनभर, उबवायला 28 दिवस, पण पिल्लांना पहिले दोन आठवडे झाडावर चढता येत नाही आणि त्याच दिवसांत बहुतेक मरतात. त्यांना दाट रान नको असतं. किडे असलेलं, पिल्लाला चालता येईल असं मोकळं गवत हवं असतं. म्हणून स्वयंसेवक हिवाळ्यात झुडपं तोडतात, सरकारी माणसांबरोबर आखून वणवा लावतात. काही राज्यांनी हंगाम पुढे ढकलला, माणशी पक्षी कमी केले, आणि कुरकुरत का होईना, शिकाऱ्यांनी ते मानलं.

उन्हाळ्यात या लोकांचं आणखी एक काम असतं, बंदुकीशिवायचं. जुलै-ऑगस्टमध्ये रस्त्याने जाता-येता टर्कीची मादी दिसली की तिच्यामागे पिल्लं किती ते मोजून कळवायचं. वसंतात झाडाला टेकून बसलेली मुलगी आता गाडीच्या मागच्या सीटवर असते. एक मादी, पाच पिल्लं. दोन माद्या मिळून सात. मेंटॉर पुन्हा पुन्हा तिला एकच बजावत असतो, कारण नवी मुलं नेमकी तीच नोंद गाळतात: एकटी मादी दिसली, मागे काहीच नाही, तरी लिहायचं. शून्य.