कौल आणि वतन: सांगोला मतदारसंघाच्या निमित्ताने प्रतिनिधित्वाचा प्रश्न

विधानसभेचा सदस्य जी शपथ घेतो तिच्यात त्याच्या मतदारसंघाचा उल्लेख नसतो. संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीतील मजकूर संविधानावरील श्रद्धा, देशाची सार्वभौमता व एकात्मता आणि स्वीकारलेल्या पदाचे कर्तव्य एवढ्यांपुरताच आहे. उलट अनुच्छेद १७० नुसार विधानसभा बनते ती प्रादेशिक मतदारसंघांतून थेट निवडून आलेल्या सदस्यांची. म्हणजे निवडून यायचे एका मतदारसंघातून आणि निष्ठा वाहायची सबंध व्यवस्थेला. उमेदवार त्या मतदारसंघात राहणारा असावा, असेही कायदा म्हणत नाही. राज्यातल्या कोणत्याही मतदारसंघाच्या यादीत त्याचे नाव असले की पुरते. मग आमदार नेमका कोणाचा? ज्यांनी मत दिले त्यांचा, सगळ्या तालुक्याचा, पक्षाचा, राज्याचा, की स्वतःच्या सदसद्विवेकाचा? राजकीय तत्त्वज्ञानातला हा जुना प्रश्न सोलापूर जिल्ह्यातील २५३ क्रमांकाच्या सांगोला मतदारसंघात जितका उघडा पडलेला दिसतो तितका क्वचितच कुठे दिसेल.

या गावाचे आणि या प्रश्नाचे नाते निवडणुकांहून जुने आहे. ‘प्रतिनिधी’ हे मराठी राज्यात एका पदाचे नाव होते. राजाराम महाराजांनी जिंजीच्या मुक्कामी ते निर्माण केले आणि पहिला मान प्रल्हाद निराजींना मिळाला. तो प्रतिनिधी राजाचा होता. प्रजेसमोर तो राजाच्या जागी उभा राहत असे. १७५० मध्ये प्रतिनिधींचे मुतालिक यमाजी शिवदेव यांनी सांगोल्याच्या बळावर पेशव्यांविरुद्ध बंड केले. सदाशिवरावभाऊंनी ते मोडले, आणि त्याच सांगोल्यात छत्रपती रामराजांनी कारभाराची सत्ता पेशव्यांच्या हाती देण्याचा करार केला. राजाच्या प्रतिनिधीचा प्रतिनिधी बंड करतो आणि त्याचा शेवट राजाने आपला अधिकार सेवकाच्या हाती सोपवण्यात होतो! इंग्रज विचारवंत थॉमस हॉब्ज याने १६५१ च्या ‘लेव्हायथन’ या ग्रंथात प्रतिनिधित्वाची फोड कर्ता आणि नट अशी केली होती. कृती नट करतो, पण तिचे कर्तेपण ज्याने अधिकार दिला त्याच्याकडे राहते. एकदा अधिकार दिल्यावर नटाच्या कृतीबद्दल कर्त्याला तक्रार करता येत नाही, हे हॉब्जचे पुढचे म्हणणे. रामराजांना त्याचा अनुभव सांगोल्याच्या करारानंतर आला असणार.

लोकशाहीने ‘प्रतिनिधी’ शब्दाची दिशा उलटवली. वरून खाली येणारा अधिकार खालून वर जाऊ लागला. ‘कौल’ या शब्दाचेही तसेच झाले. जुन्या कागदपत्रांत कौल म्हणजे सरकारने रयतेला दिलेले अभयपत्र. देवळात कौल म्हणजे देवाने दिलेली संमती. आज वर्तमानपत्रे मतदारांचा कौल छापतात तेव्हा राजाच्या आणि देवाच्या, दोघांच्याही जागी मतदार बसलेला असतो. अडचण एवढीच की देवाच्या कौलात प्रश्न एक असतो आणि उत्तर हो किंवा नाही. मतदाराने कोणत्या प्रश्नाला हो म्हटले, हे मतपेटीतून कळत नाही.

या अडचणीवरचे सर्वांत प्रसिद्ध उत्तर ब्रिटिश संसदपटू एडमंड बर्कने ३ नोव्हेंबर १७७४ रोजी ब्रिस्टलच्या मतदारांना दिले. त्याच शहरातून त्याच्याबरोबर निवडून आलेल्या हेन्री क्रूगरने मतदारांच्या सूचना आपण बंधनकारक मानू, असे जाहीर केले होते. बर्कची भूमिका नेमकी उलट होती. प्रतिनिधी आपले कष्टच नव्हे तर आपला विवेकही मतदारांना देणे लागतो. मतदारांच्या मतापुढे तो विवेक गहाण टाकला तर ती सेवा नव्हे, दगा होय, असा त्याच्या भाषणाचा आशय. संसद म्हणजे निरनिराळ्या हितसंबंधांच्या वकिलांची बैठक नव्हे, एका राष्ट्राची विचार करणारी सभा, असे तो म्हणाला. पुढे आयर्लंडच्या व्यापाराला सवलती आणि कॅथलिकांना दिलासा या प्रश्नांवर त्याने ब्रिस्टलची नाराजी ओढवून घेतली. १७८० मध्ये पराभव दिसू लागल्यावर तो तिथल्या लढतीतून बाजूला झाला आणि आश्रयदात्याच्या मुठीतल्या माल्टन या मतदारसंघातून संसदेत गेला. विवेकाच्या या सिद्धांताला शेवटी मतदारांपेक्षा उमरावाचा आधार लागला, हे बर्कचे अवतरण देणारे सहसा सांगत नाहीत.

सांगोल्याचे गणपतराव देशमुख यांना असा आधार नव्हता. १९६२ मध्ये शेतकरी कामगार पक्षाकडून ते पहिल्यांदा निवडून आले. १९७२ चा पराभव, १९७४ च्या पोटनिवडणुकीतला विजय, १९९५ चा दुसरा पराभव आणि मग १९९९ ते २०१४ अशा सलग चार निवडणुका मिळून ते अकरा वेळा आमदार झाले. शेवटची निवडणूक त्यांनी वयाची पंच्याऐंशी ओलांडल्यावर जिंकली. ३० जुलै २०२१ रोजी त्यांचे निधन झाले. एसटीने प्रवास करणारा, आमदार निवासात साधेपणाने राहणारा आमदार ही त्यांची ओळख राज्यभर सांगितली जाते. पण साधेपणावर थांबले की मूळ प्रश्न निसटतो. सुमारे अर्धशतक एकाच माणसाला कौल देणे हा मतदारांचा विवेक की भक्ती?

सांगोल्यात भक्ती हा शब्द सैलपणे वापरता येत नाही. पंढरपूर शेजारचाच तालुका आहे आणि वारी ही इथल्या शेतकऱ्याच्या वर्षातली गोष्ट आहे. डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिलेला इशारा इथे लागू पडतो. धर्मात भक्ती मुक्तीकडे नेत असेल, पण राजकारणात व्यक्तिपूजा अधःपाताकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, असे त्यांनी बजावले होते. थोर पुरुषाच्याही चरणी आपले स्वातंत्र्य वाहू नये, या जॉन स्टुअर्ट मिलच्या सूचनेची आठवणही त्यांनी करून दिली होती. या कसोटीवर सांगोल्याचे अकरा विजय संशयास्पद ठरू शकतात. त्या संशयाला उत्तर देतात ते दोन पराभव. विठोबाला कोणी पाच वर्षांसाठी घरी बसवत नाही. १९९५ मध्ये काँग्रेसचे शहाजीबापू पाटील यांनी गणपतरावांना १९२ मतांनी हरवले. त्याच मतदारांनी चार वर्षांनी त्यांना परत बोलावले. जिथे पाडता येते आणि खरोखर पाडलेही जाते, तिथल्या पुन्हापुन्हा निवडून देण्याला भक्ती म्हणता येणार नाही. तो मुदत संपताच तपासला जाणारा विश्वास आहे. वारकऱ्याच्या आणि मतदाराच्या निष्ठेत फरक असेल तर तो इथे आहे.

बर्कच्या सिद्धांतात एक मोकळी जागा राहते. प्रतिनिधी स्वतःच्या विवेकाने वागणार, हे मान्य केले तरी तो विवेक कसा आहे हे मतदाराने ओळखायचे कशावरून? व्यक्तीच्या चेहऱ्यावरून नव्हे. बर्कनेच १७७० मध्ये पक्षाची व्याख्या मान्य केलेल्या तत्त्वावर एकत्र आलेल्या माणसांचा समूह अशी केली होती, आणि ती मोकळी जागा पक्ष भरून काढतो. शेतकरी कामगार पक्ष स्वातंत्र्याच्या सुमारास काँग्रेसमधून बाहेर पडलेल्या केशवराव जेधे, शंकरराव मोरे यांच्यासारख्या नेत्यांनी उभा केला आणि १९५० च्या दाभाडी प्रबंधाने त्याने मार्क्सवाद-लेनिनवाद स्वीकारला. पुढे त्याचे बहुतेक मोठे नेते परत काँग्रेसमध्ये गेले. गणपतराव गेले नाहीत. म्हणून १९६२ मध्ये त्यांना मत देणाऱ्याला आणि २०१४ मध्ये देणाऱ्याला ते कोणत्या बाजूला उभे राहतील, याचा अंदाज सारखाच बांधता येत होता. त्या अंदाजासाठी सूचनांची गरज नव्हती. विठोबाला मानणारा शेतकरी मार्क्सवादी पक्षाच्या चिन्हाला मत देतो, यात विसंगती शोधणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की त्याला जगाच्या उत्पत्तीविषयी आमदाराचे मत नको होते. शेतीच्या पाण्याविषयी आणि बाजारभावाविषयी हवे होते.

अर्थात या निष्ठेची किंमत मतदारसंघ मोजतो. १९७८ चे पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) मंत्रिमंडळ आणि १९९९ नंतरचा काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडीचा काळ सोडला तर सांगोल्याचा आमदार बहुतेक वेळ विरोधी बाकांवर होता. अवर्षणप्रवण तालुक्यात हे परवडणारे नसते, कारण कालव्याचे पाणी मंत्रालयातून वाहते, अशी सर्वांची समजूत असते आणि ती अगदीच चुकीची नाही. त्यावर इथे निघालेला तोडगा निधीपेक्षा चळवळीचा होता. नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने शेजारच्या आटपाडीत १९९३ पासून भरू लागलेल्या पाणी परिषदेत तेरा दुष्काळी तालुक्यांनी कृष्णेच्या पाण्यावर हक्क सांगितला आणि गणपतराव त्या लढ्याच्या आघाडीवर राहिले. टेंभू योजनेचे पाणी या पट्ट्यात येण्यामागे हा रेटा आहे. प्रतिनिधित्वाच्या दृष्टीने यात सूक्ष्म मुद्दा दडला आहे: तेरा तालुक्यांसाठी बोलणारा आमदार एकट्या सांगोल्याचा वकील उरत नाही, आणि तरी सांगोल्याचे काम त्यानेच होते. ब्रिस्टल आणि राष्ट्र यांच्या हितांत विरोध आला तर राष्ट्राची बाजू घ्यावी, असे बर्कने मांडले होते. इथे मतदारसंघाचे हित साधायला मतदारसंघाची सीमा ओलांडावी लागली.

दुसरे टोक जून २०२२ मध्ये दिसले. २०१९ मध्ये शिवसेनेकडून निवडून आलेले शहाजीबापू पाटील पक्षात बंड करणाऱ्या एकनाथ शिंदे यांच्याबरोबर गुवाहाटीला गेलेल्या आमदारांत होते. तिथल्या झाडीचे, डोंगराचे आणि ‘हाटिला’चे त्यांनी फोनवर केलेले वर्णन महाराष्ट्रात इतके गाजले की त्या घटनेतला घटनात्मक पेच सामान्य बोलण्यातून बाजूलाच पडला. १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने आलेली दहावी अनुसूची सांगते की आमदाराचा विवेक पक्षादेशापाशी संपतो. बर्कला हे भयंकर वाटले असते. पण या गटाने दिलेली कारणे पाहण्यासारखी आहेत: एक, पक्ष मूळ विचारापासून दूर गेला, दोन, मतदारसंघांना निधी मिळत नव्हता. पहिले कारण बर्कच्या बाजूचे, विवेकाचे. दुसरे क्रूगरच्या बाजूचे, मतदारांच्या कामाचे. दोन परस्परविरोधी सिद्धांत एकाच कृतीच्या समर्थनाला एकदम उभे राहिले. सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ रोजी प्रतोद नेमण्याचा अधिकार विधिमंडळ पक्षाचा नसून राजकीय पक्षाचा असल्याचे सांगितले आणि अपात्रतेचा निर्णय विधानसभा अध्यक्षांकडे सोपवला. अध्यक्षांनी १० जानेवारी २०२४ रोजी दोन्ही गटांतील कोणालाच अपात्र ठरवले नाही. खरा पक्ष कोणता, यावर निवडणूक आयोग, न्यायालय आणि अध्यक्ष यांच्यापुढे युक्तिवाद झाले. ज्याच्या मताने आमदार झाला त्या मतदाराला मात्र या प्रक्रियेत कुठेच जागा नव्हती. त्याला पुढच्या निवडणुकीची वाट पाहावी लागली.

जातीचा प्रश्न टाळून मतदारसंघाविषयी लिहिणे म्हणजे नदीवर लिहिताना पाणी वगळणे. सांगोल्यात धनगर समाज मोठा आहे आणि गणपतराव त्या समाजातले. हे केवळ संख्येचे गणित म्हणून सोडून देता येत नाही. १९१९ मध्ये मताधिकारावरील साउथबरो समितीपुढे आंबेडकरांनी असे मांडले होते की विधिमंडळात विचारांचे प्रतिनिधित्व झाले म्हणजे पुरे नाही, माणसांचेही झाले पाहिजे. लोकांसाठीचे राज्य आणि लोकांनी चालवलेले राज्य यांत अंतर असते. मेंढपाळ आणि कोरडवाहू शेतकरी समाजातला माणूस विधानसभेत बसणे, ही त्याच्या भाषणाइतकीच अर्थपूर्ण गोष्ट आहे. मात्र १९६७ मध्ये हॅना पिटकिन यांनी प्रतिनिधित्वाच्या संकल्पनेवरील आपल्या ग्रंथात दाखवून दिले की सारखे दिसणे आणि कोणासाठी कृती करणे ही दोन वेगळी कामे आहेत आणि पहिल्याने दुसऱ्याची हमी मिळत नाही.

रक्ताच्या नात्याचा मुद्दा याहून अवघड आहे. सांगोल्याच्या लढतीतली आडनावेच पाहावीत: देशमुख आणि पाटील. परगण्याचा वतनदार तो देशमुख, गावचा तो पाटील. परगणा वतने १९५० च्या कायद्याने गेली आणि महसुली पाटलांचे पद रद्द करणारा कायदा नेमका १९६२ चा, म्हणजे गणपतराव पहिल्यांदा निवडून आले त्या वर्षीचा. वतन बापाकडून मुलाकडे जाते; कौल जात नाही, तो दर वेळी नव्याने मागावा लागतो. २०१९ मध्ये गणपतरावांनी वयामुळे निवडणूक लढवली नाही आणि पक्षाने त्यांचे नातू अनिकेत देशमुख यांना उभे केले. ते शहाजीबापूंकडून ७६८ मतांनी हरले. २०२४ मध्ये दुसरे नातू बाबासाहेब देशमुख यांनी तिरंगी लढतीत शहाजीबापूंना सुमारे २५ हजार मतांनी मागे टाकले आणि ते त्या विधानसभेतले पक्षाचे एकमेव आमदार ठरले. याला वतन म्हणावे की कौल? एका नातवाला नाकारून दुसऱ्याला स्वीकारणारे मतदार वारसा मोजतात, पण डोळे मिटून नाही, एवढे या दोन निकालांवरून म्हणता येते. उमेदवारीच्या टप्प्यावर मात्र निवड घरातच झाली. वतनदारीचा उरलेला अंश मतपेटीत नाही, तो तिच्या आधीच्या बैठकीत आहे.

राहतो तो हरलेल्यांचा प्रश्न. १९९५ मध्ये १९२ आणि २०१९ मध्ये ७६८ मतांच्या फरकाने सबंध तालुक्याचा आवाज ठरला. दोन्ही वेळा जवळजवळ अर्ध्या मतदारांनी आमदार म्हणून ज्याला नको म्हटले तोच त्यांचा प्रतिनिधी झाला. २०२४ च्या तिरंगी लढतीतही विजयी उमेदवाराला निम्म्याहून कमी मते होती. हॉब्जच्या भाषेत हे मतदारही कर्ते आहेत, कारण निकाल मानू असे ठरवूनच ते रांगेत उभे राहिले. तत्त्वज्ञ रूसोला हे पटले नसते. इच्छा दुसऱ्याच्या हाती सोपवताच येत नाही आणि इंग्रज माणूस फक्त निवडणुकीच्या दिवशी स्वतंत्र असतो, असे त्याने १७६२ मध्ये लिहिले होते. आपला कायदा या वादात पडत नाही. आमदाराकडे दाखल्यावरच्या शिफारशीसाठी किंवा रस्त्याच्या तक्रारीसाठी आलेल्या माणसाने मत कोणाला दिले हे कळत नाही, कारण मत गुप्त ठेवले आहे. त्यामुळे त्याच्या दारात येणारा प्रत्येक जण त्याचा मतदार धरावा लागतो.