सरमेचा प्रश्न

पाळलेल्या कुत्र्याने गादी फाडली, चपला कुरतडल्या किंवा बैठकीच्या खोलीत शू केली, की पुष्कळ घरांत त्याला फटका बसतो. हात उगारणारी माणसं क्रूर असतात असं नाही. एरवी त्याच कुत्र्याच्या आजारपणात ती रात्र जागवतात. आपण अन्याय करतो आहोत असं त्यांना वाटत नाही, कारण त्यांच्या लेखी तो अपराधाचा दंड असतो. ‘त्याला सगळं कळतं, बघा कसा डोळे चोरतोय,’ एवढं समर्थन त्यांना पुरतं. हे समर्थन तपासायला हवं. दंड न्याय्य ठरायचा तर ज्याला तो होतो त्याला नियम ठाऊक असावा लागतो, तो पाळणं त्याच्या आवाक्यात असावं लागतं आणि आपण तो मोडला याची जाण त्याला असावी लागते. सात वर्षांखालच्या मुलाचं कृत्य आपला फौजदारी कायदा गुन्हाच मानत नाही, त्यामागे हाच विचार आहे. कुत्र्याच्या बाबतीत यातली एकही अट धड पुरी होत नाही. म्हणून माझं म्हणणं असं, की कुत्र्याला वळण लावणं हे पाळणाऱ्याचं कर्तव्य आहे, पण त्याला शिक्षा करण्याचा नैतिक अधिकार त्याच्याकडे नाही.

महाभारताच्या शेवटी युधिष्ठिराच्या सोबतीने चालत गेलेलं कुत्रं सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच ग्रंथाच्या आरंभी, आदिपर्वात, दुसरं एक कुत्रं येतं, त्याची आठवण फारशी कुणी काढत नाही. जनमेजय कुरुक्षेत्रावर सत्र करत असताना देवांची कुत्री सरमा हिचा मुलगा तिथे येतो आणि राजाचे तीन भाऊ, श्रुतसेन, उग्रसेन आणि भीमसेन, त्याला मारतात. तो रडत आईकडे जातो. तेव्हा आईच्या मनात पहिल्यांदा येतं ते आपल्याही मनात येतं: तूच काहीतरी अपराध केला असशील. तो सांगतो, मी हविर्द्रव्याकडे पाहिलंही नाही आणि ते चाटलंही नाही. मग सरमा यज्ञमंडपात जाऊन विचारते, याचा काही अपराध नसताना याला का मारलंत? अपकार न करणाऱ्याला मारलं म्हणून न दिसणारं भय तुझ्यावर येईल, असा शाप ती जनमेजयाला देते, आणि त्या शापाच्या निवारणासाठी राजाला पुरोहित शोधत हिंडावं लागतं. सरमा दया मागत नाही, ती कारण विचारते, हे मला या कथेत फार मोलाचं वाटतं. कुत्र्यावर उगारलेला हात हा भूतदयेच्या आधी न्यायाचा विषय आहे, हे इथे सरळ मांडलं आहे. अर्थात कथेतलं पिल्लू बोलतं, आपली बाजू सांगतं. घरातल्या कुत्र्याला साक्ष देता येत नाही, त्यामुळे त्याचा चेहराच आपण कबुलीजबाब म्हणून वाचतो.

तो चेहरा नीट पाहा. मालक दार उघडून आत येतो, फरशीवर कापूस पसरलेला आहे. कुत्रं कान मागे पाडतं, शेपूट पोटाखाली घेतं, ओठ चाटतं, एक पंजा अर्धवट उचलतं, नजर दुसरीकडे वळवतं. चोराच्या मनात चांदणं, असं आपण म्हणतो. अलेक्झांड्रा होरोविट्झ या अमेरिकन संशोधक बाईंनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १४ कुत्र्यांच्या बाबतीत हेच पडताळून पाहिलं. मालकाने ‘खायचं नाही’ असं बजावून खाऊ समोर ठेवायचा आणि खोलीबाहेर जायचं. परत आल्यावर कुत्र्याने खाऊ खाल्ला की नाही हे त्याला सांगितलं जाई, कधी खरं, कधी खोटं. तो ‘अपराधी’ चेहरा खाऊ खाण्या-न खाण्यावर अवलंबून नव्हता. मालक रागावला की तो दिसे, आणि ज्यांनी काहीच खाल्लं नव्हतं पण बोलणी खाल्ली, त्यांच्यात तर तो अधिक ठळक दिसला. म्हणजे आपण ज्याला पश्चात्ताप म्हणतो ती आपल्याच रागाची भीती असते. वर्तनावरून मनातला भाव ठरवण्याबाबतची ही सावधगिरी नवीन नाही. मीमांसासूत्रांवरच्या भाष्यात शबरस्वामींनी कर्माचा अधिकार कुणाला, याची चर्चा करताना पशूंचाही विचार केला आहे. पूर्वपक्षी म्हणतो, कुत्री चतुर्दशीला आणि ससाणे अष्टमीला उपवास करताना दिसतात, तेव्हा त्यांनाही धर्म कळत असला पाहिजे. भाष्यकारांचं उत्तर असं, की अन्न न खाणं एवढंच दिसतं, त्यामागचा हेतू दिसत नाही. रोगाने अन्नावरची वासना गेली असेल. ठरावीक दिवशीच कशी जाईल, असं विचाराल तर तिजारा-चौथरा तापही ठरावीक दिवशीच येतो. दिसणाऱ्या वर्तनावर न दिसणारा धर्मभाव लादू नये, ही शिस्त आपल्या परंपरेत इतकी जुनी आहे.

धर्माच्या बाजूने एक आक्षेप नेहमी येतो. कुत्र्याचा जन्म हे पूर्वकर्माचं फळ, मग त्याने सोसलं तर बिघडलं कुठे? पण ज्या विचाराचा हा आधार, तोच पशुयोनीला भोगयोनी म्हणतो. तिथे आधीच्या कर्माचं फळ भोगायचं असतं, नवं पाप-पुण्य जोडलं जात नाही. मग गादी फाडण्यात पाप कुठून येणार आणि पाप नसताना दंड कशाचा? शिवाय कर्माचं फळ द्यायला आपली नेमणूक कुणी केली? जैन परंपरा पशूला याहून अधिक देते. तिर्यंच जीवालाही सम्यक् दृष्टी लाभू शकते, तो मर्यादित व्रतंही घेऊ शकतो, असं ती मानते. तरीही चंडकौशिक नागाच्या कथेत महावीर दंश सोसतात आणि शांतपणे त्याला बोध करतात, काठी उचलत नाहीत. पशूला नैतिक जाण नाही असं मानलं तर शिक्षेला आधार उरत नाही, आणि आहे असं मानलं तर समजावणं पुढे येतं.

सगळ्यात वजनदार आक्षेप व्यवहाराचा आहे. जाण असो-नसो, माराने सवय मोडते ना? इथे बोलणाराने दंडाची भूमिका सोडून मार हे साधन मानलं आहे, तेव्हा साधन म्हणूनच ते जोखू. कुत्रं परिणामाचा संबंध जोडतं तो त्या क्षणी चाललेल्या गोष्टीशी. अर्ध्या तासापूर्वीच्या थारोळ्यात पिल्लाचं नाक घासलं, तर ‘घरात करू नये’ हे त्याला कळत नाही, थारोळं आणि मालक एकत्र आले की धोका, एवढंच कळतं. मग ते सोफ्यामागे जाऊन करतं आणि आपण त्याला लबाड ठरवतो. याहून वाईट प्रकार गुरगुरण्याचा. जेवणाच्या भांड्याजवळ मूल आलं म्हणून कुत्रं गुरगुरलं आणि त्याला बडवलं, तर गुरगुरणं थांबतं, भीती तशीच राहते. पुढच्या वेळी ते सूचना न देता चावतं. पोर्तुगालमध्ये ९२ कुत्र्यांवर झालेला एक अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. पट्ट्याला हिसके देणं, ओरडणं अशा रीतींवर चालणाऱ्या वर्गांतल्या कुत्र्यांत ताणाची लक्षणं जास्त दिसली आणि वर्गानंतर त्यांच्या लाळेतलं कोर्टिसोलही घरच्या पातळीपेक्षा वाढलेलं आढळलं. मालकांनी वर्ग आपणच निवडले होते, त्यामुळे सगळा फरक वर्गानेच पडला असं ठामपणे म्हणता येणार नाही, पण मार हे निरुपद्रवी साधन आहे हा समज यानंतर टिकत नाही. रोखणं मात्र वेगळं. रस्त्यावर धावणाऱ्या कुत्र्याचा पट्टा घट्ट धरणं, स्वयंपाकघराला फाटक बसवणं, चावऱ्या कुत्र्याला जाळी घालणं, यात दंड नाही. त्यात दोष कुणाचा हे ठरवावं लागत नाही.

‘कुत्रा लांडग्याच्या कुळातला, त्याला म्होरक्या लागतो’ हा समज लवकर निकालात काढता येईल. त्याचं मूळ रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली मांडलेल्या, बंदिस्त लांडग्यांच्या निरीक्षणांत आहे. तो ज्यांच्या पुस्तकाने दूरवर पोचला त्या डेव्हिड मेक यांनी कॅनडातल्या एल्समिअर बेटावर मोकळे लांडगे पाहिल्यावर १९९९ साली लिहिलं, की कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्लं. मारामारीने मिळवलेली सत्ता तिथे सहसा नसतेच.

उरतो तो उलट्या टोकाचा आक्षेप. वळण लावणं हीच बळजबरी नाही का, आणि खाऊ देऊन शिकवणं ही लाच नाही का? नामदेव तर भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले. ती भक्ती थोर आहे, पण चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत कुत्र्याबरोबर बारा-चौदा वर्षं कसं राहायचं, याचं उत्तर ती देत नाही. ज्याला काहीच शिकवलं नाही ते कुत्रं मोकळं राहत नाही. ते बाल्कनीत साखळीला बांधलं जातं किंवा एके दिवशी रस्त्यावर सोडलं जातं. लाच कर्तव्य चुकवण्यासाठी देतात. घराचे नियम कुत्र्याने मागितलेले नाहीत, ते पाळण्याबद्दल त्याला मोबदला देणं हा सरळ व्यवहार आहे. पिल्लू झोपून उठलं, जेवलं, खेळलं, की दर वेळी त्याला ठरलेल्या जागी न्यायचं, मुकाट्याने थांबायचं, आणि काम झालं की तिथेच, त्याच क्षणी खाऊ द्यायचा. रात्रीही उठायचं, कारण दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाला रात्रभर धरवत नाही. चपला कपाटात ठेवायच्या. या पद्धतीत संयमाचा सगळा भार माणसावर पडतो आणि तो तिथेच असायला हवा, कारण कुत्र्याला घरात आणायचं माणसाने ठरवलेलं असतं.

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा आपला कायदा १९६० सालचा. त्याच्या अकराव्या कलमात प्राण्याला मारणं हा गुन्हा आहे, आणि कायम साखळीला बांधलेल्या कुत्र्याला पुरेसं न फिरवणारा मालकही गुन्हेगार आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये, तेव्हा त्याच्या धाकाने कुणाचा हात थांबणार नाही. पिल्लू आणायचं मनात असेल तर रात्री कोण उठणार, सकाळ-संध्याकाळ कोण फिरवणार आणि पहिली गादी फाटेल तेव्हा घरातलं कुणीही हात उगारणार नाही ना, हे आधी सगळ्यांनी बसून ठरवा. ठरत नसेल तर पिल्लू आणू नका.